वळिवडे ते गांधीनगर : निर्वासितांचे शिक्षण, अस्मिता आणि लोकशिक्षण

प्रस्तावना :

कोल्हापूर शहराच्या पूर्वेस, मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वळिवडे हे लहानसे स्थानक आहे. या परिसरात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून पुढे सुमारे पाच वर्षे, पोलंडमधून परागंदा झालेल्या जवळजवळ ५,००० स्त्रिया, मुले व वृद्धांची छावणी होती. ती रिकामी होत असतानाच भारताची फाळणी झाली आणि सिंध प्रांत सोडून आलेल्या हिंदू सिंधी कुटुंबांना त्याच जागी आसरा देण्यात आला. पुढे या वसाहतीस गांधीनगर हे नाव मिळाले. आज गांधीनगर हे नाव उच्चारताच कापडाची घाऊक बाजारपेठ डोळ्यांसमोर येते. परंतु एकाच भूमीवर दहा वर्षांच्या आत दोन भिन्न निर्वासित समाजांनी आपले उद्ध्वस्त जीवन पुन्हा उभे करण्याचा प्रयत्न केला, ही बाब इतिहासाच्या अध्यापनात क्वचितच येते.

स्थलांतर, निर्वासितांचे प्रश्न आणि अस्मिता यांविषयी विद्यार्थ्यांशी बोलताना उदाहरणे बहुधा दूरच्या देशांतील दिली जातात. महाराष्ट्राच्या भूमीवरच घडलेला हा अनुभव अशा शिक्षणाचा आरंभबिंदू ठरू शकतो. त्या दृष्टीने प्रस्तुत शोधनिबंधात वळिवडे येथील दोन निर्वासित समाजांच्या शिक्षणविषयक अनुभवांचा तुलनात्मक विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. वळिवडे येथील पोलिश छावणीच्या निर्मितीची ऐतिहासिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२. पोलिश व सिंधी निर्वासितांच्या जीवनात शिक्षणाने बजावलेल्या भूमिकेची तुलना करणे.
३. निर्वासितांची कायदेशीर स्थिती व त्यांची अस्मिता यांतील संबंध तपासणे.
४. या इतिहासाचा लोकशिक्षणासाठी होऊ शकणारा उपयोग मांडणे.

गृहीतक व पद्धती :

निर्वासितांची अस्मिता ही केवळ मायदेशातून बरोबर आणलेली ठेव नसते. आश्रयस्थानी मिळणारे शिक्षण आणि तेथील कायद्याने दिलेले स्थान यांतून ती नव्याने घडते, हे या निबंधाचे गृहीतक आहे. विवेचनासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून, मुख्यत्वे दुय्यम साधनांचा आणि प्रकाशित आठवणींचा आधार घेतला आहे.

पोलिश स्थलांतराची पार्श्वभूमी :

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून आणि १७ सप्टेंबर रोजी सोव्हिएत संघाने पूर्वेकडून पोलंडवर आक्रमण केले. पूर्व पोलंड सोव्हिएत संघाच्या ताब्यात गेल्यानंतर फेब्रुवारी १९४०, एप्रिल १९४०, जून १९४० आणि मे-जून १९४१ अशा चार टप्प्यांत तेथील नागरिकांना सक्तीने सैबेरिया, कझाकस्तान व उत्तर रशियात पाठविण्यात आले. सोव्हिएत दस्तऐवजांच्या आधारे या चार टप्प्यांतील हद्दपारांची संख्या सुमारे ३ लाख २० हजार मानली जाते. पूर्वीचे पोलिश अंदाज याहून पुष्कळ मोठे होते. माजी सैनिकांना देण्यात आलेल्या जमिनींवरील कुटुंबे, वनरक्षक, सरकारी नोकर, शिक्षक आणि अटकेत असलेल्यांचे नातलग यांचा त्यांत भरणा होता. लाकूडतोड, खाणकाम व सामूहिक शेती यांत जुंपलेल्या या लोकांपैकी अनेक जण थंडी, उपासमार व रोगराई यांना बळी पडले.

जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला आणि परिस्थिती पालटली. ३० जुलै १९४१ रोजी लंडनमधील परागंदा पोलिश सरकार व सोव्हिएत संघ यांच्यात करार होऊन हद्दपारांच्या सुटकेचा मार्ग मोकळा झाला. जनरल व्लादिस्लाव अँडर्स यांच्या नेतृत्वाखाली सोव्हिएत भूमीवर पोलिश सैन्य उभे राहिले आणि १९४२ च्या मार्च-एप्रिल व ऑगस्ट महिन्यांत हे सैन्य व त्याच्या आश्रयाने आलेले नागरिक कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणमधील पहलवी बंदरात पोहोचले. अशा रीतीने बाहेर पडलेल्यांची एकूण संख्या १ लाख १० हजारांहून अधिक होती. त्यांतील नागरिकांची रवानगी पुढे पूर्व आफ्रिका, भारत, मेक्सिको, न्यूझीलंड इत्यादी ठिकाणी झाली.

भारतात प्रथम आला तो मुलांचा गट. १९४२ मध्ये ही मुले इराणमार्गे खुष्कीच्या वाटेने भारतात पोहोचली आणि काही काळ मुंबईत वांद्रे येथे राहिली. त्यानंतर नवानगर संस्थानचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे त्यांच्यासाठी छावणी उघडली. मुंबईतील पोलिश वाणिज्यदूत युगेनिउश बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा बानासिन्स्का यांचा या कार्यात मोठा वाटा होता. बालाचडी ही प्रामुख्याने अनाथ व निराधार मुलांची छावणी होती. कुटुंबांसाठी मोठी छावणी हवी होती. ती कोल्हापूर संस्थानात वळिवडे येथे उभी राहिली.

आश्रयामागील वास्तव :

या घटनेचे वर्णन करताना भारतीय आतिथ्याचा गौरव स्वाभाविकपणे केला जातो. जामसाहेबांचा पुढाकार व कोल्हापूरकरांची आपुलकी यांविषयी पोलिश आठवणींतून वारंवार कृतज्ञता व्यक्त झाली आहे. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने या आश्रयाची राजकीय व आर्थिक बाजूही ध्यानात घेणे आवश्यक आहे. पोलंड हे ब्रिटनचे युद्धातील मित्रराष्ट्र होते. छावणीचा नित्याचा खर्च लंडनमधील पोलिश सरकारच्या नावे होत असे आणि त्या सरकारची भिस्त ब्रिटिश अर्थसाहाय्यावर होती. राजाराम महाराजांचे १९४० मध्ये निधन झाल्यानंतर कोल्हापूरच्या गादीवर अल्पवयीन वारस होता. त्यामुळे छावणीचे श्रेय एखाद्या एकट्या राजाच्या औदार्यास देणे ऐतिहासिकदृष्ट्या अपुरे ठरते.

याच काळात भारतात आणखी एक मोठे स्थलांतर झाले होते. १९४२ मध्ये जपानी आक्रमणामुळे ब्रह्मदेशातून सुमारे चार ते पाच लाख भारतीय माघारी निघाले. त्यांतील बहुसंख्य लोक डोंगर व जंगले तुडवत पायी आले, हजारो वाटेतच मरण पावले, आणि सुटकेच्या मार्गांवर युरोपीय व भारतीय यांच्यात भेदभाव झाल्याच्या तक्रारी त्या वेळी उघडपणे मांडल्या गेल्या. १९४३ मध्ये बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. पोलिश मुलांना मिळालेला आश्रय यामुळे कमी मोलाचा ठरत नाही. मात्र कोणत्या निर्वासिताला किती व्यवस्थित आश्रय मिळतो, हे त्याच्या दुःखाच्या प्रमाणाखेरीज अन्य गोष्टींवरही अवलंबून असते, हे यावरून दिसते.

वळिवडे येथील पोलिश शिक्षण :

वळिवड्याची छावणी हे एक लहान नगरच होते. लांबलचक बराकींमध्ये प्रत्येक कुटुंबास स्वतंत्र खोल्या व स्वयंपाकाची सोय होती. ठरावीक भत्त्यातून स्त्रिया स्वतःचा संसार चालवीत. चर्च, रुग्णालय, नाट्यगृह, सहकारी दुकान अशा संस्था तेथे होत्या. धट्टेकट्टे पुरुष बहुतेक सैन्यात असल्याने छावणीचे जीवन मुख्यतः स्त्रियांनी पेलले. मे १९४४ मध्ये इटलीतील मोंते कासिनो येथे पोलिश सैन्य लढले, तेव्हा तेथील सैनिकांपैकी अनेकांची बायकामुले वळिवड्यासारख्या छावण्यांत वार्तेची वाट पाहत होती.

या नगराचा कणा होता तो शाळांचा. बालवर्ग, प्राथमिक शाळा, माध्यमिक व उच्च माध्यमिक वर्ग, व्यवसायशिक्षण आणि अध्यापक प्रशिक्षण असे शिक्षणाचे जवळजवळ सर्व स्तर छावणीत होते. हद्दपारीच्या काळात मुलांची दोन-तीन वर्षे वाया गेली होती; काहींना सोव्हिएत शाळांत रशियन भाषेतून शिकावे लागले होते. त्यामुळे एकाच वर्गात निरनिराळ्या वयांची मुले बसत. प्रशिक्षित शिक्षकांची व पुस्तकांची वानवा होती. अशा स्थितीत पोलिश भाषा, पोलंडचा इतिहास व भूगोल, कॅथलिक धर्मशिक्षण आणि बालवीर चळवळ यांभोवती अभ्यासक्रम उभा राहिला. राष्ट्रीय सण, लोकनृत्ये व नाट्यप्रयोग हेही या शिक्षणाचेच अंग होते.

या शिक्षणाचे प्रयोजन सरळ होते : युद्ध संपेल, मायदेशी परतावयाचे आहे, तोवर मुलांनी पोलिश राहिले पाहिजे. भारत हे आश्रयस्थान होते. भविष्य येथे नव्हते. म्हणून मराठीला अभ्यासक्रमात स्थान मिळण्याचा प्रश्नच नव्हता. कोल्हापूरशी संबंध आला तो बाजारहाट, खेळाचे सामने, सहली व कार्यक्रम यांच्या निमित्ताने. छावणीत माल विकणाऱ्या स्थानिकांनी कामापुरती पोलिश भाषा आत्मसात केल्याच्या आठवणी सांगितल्या जातात. विवाह करून कोल्हापुरातच स्थायिक झालेल्या पोलिश स्त्रीचीही नोंद आहे; पण असे उदाहरण अपवादात्मकच होय.

हरवलेला मायदेश :

फेब्रुवारी १९४५ मधील याल्टा परिषदेत पोलंडची पूर्व सीमा पश्चिमेकडे सरकविण्यास मान्यता मिळाली. छावणीतील बहुसंख्य कुटुंबांची गावे ज्या प्रदेशात होती, तो प्रदेश सोव्हिएत संघाकडेच राहिला. जुलै १९४५ मध्ये ब्रिटन व अमेरिकेने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. ज्या सरकारच्या वतीने छावणीतील शाळा चालत होत्या, ते सरकारच आता जगाच्या लेखी उरले नव्हते. वर्गातील नकाशावर मुले ज्या गावावर बोट ठेवीत, ते गाव नकाशात होते. पण परतण्यासाठी तो देश उरला नव्हता.

यानंतर छावणीची जबाबदारी आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांकडे गेली. बालाचडीची छावणी १९४६ मध्ये बंद होऊन तेथील अनेक मुले वळिवड्यास आली. कम्युनिस्ट सत्तेखालील पोलंडमध्ये परतावे की अन्यत्र जावे, हा प्रत्येक कुटुंबापुढील प्रश्न होता. थोडे लोक परतले. ब्रिटनने १९४७ मध्ये पोलिश पुनर्वसनाचा कायदा केल्याने ज्यांचे आप्त सैन्यात होते अशा अनेकांना तेथे जाता आले. इतर ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका इत्यादी देशांत विखुरले. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली.

परतण्यासाठी दिलेले शिक्षण अशा रीतीने परत न जाणाऱ्यांच्या वाट्याला आले. ते व्यर्थ मात्र गेले नाही. भारतात राहिलेल्या या पोलिश लोकांनी पुढे ब्रिटनमध्ये संघटना स्थापन केली, आठवणी व कागदपत्रे संकलित करून ग्रंथ सिद्ध केला, आणि वृद्धापकाळी कोल्हापूरला भेटी दिल्या. लेखन, संघटन व स्मरण यांचे जे संस्कार छावणीतील शाळेने केले, त्यांचे हे फलित होय.

सिंधी निर्वासित आणि नवे शिक्षण :

१९४७ च्या फाळणीत पंजाब व बंगाल यांचे विभाजन झाले. सिंध प्रांत मात्र संपूर्णपणे पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधी हिंदूंना भारतात आपला म्हणावा असा भाषिक प्रदेशच उरला नाही. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत झालेल्या दंगलीनंतर स्थलांतरास वेग आला आणि समुद्रमार्गे मुंबईत येणाऱ्यांची रीघ लागली. युद्धकाळातील रिकाम्या लष्करी छावण्यांत त्यांची व्यवस्था झाली. कल्याणजवळील छावण्यांतून उल्हासनगर उभे राहिले. तेथील भाग आजही ‘कॅम्प’ व क्रमांक यांनीच ओळखले जातात. पुण्याजवळ पिंपरी येथे आणि कोल्हापूरजवळ वळिवडे येथेही सिंधी वसाहती झाल्या.

पोलिशांनी सोडलेल्या बराकींत आलेल्या या कुटुंबांची स्थिती एका मूलभूत बाबतीत वेगळी होती. ते पाहुणे नव्हते. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ६ अन्वये, स्वतः किंवा ज्यांचे आईवडील वा आजीआजोबा अविभाजित भारतात जन्मले होते आणि जे १९ जुलै १९४८ पूर्वी पाकिस्तानातून येऊन येथे राहत होते, त्यांना नागरिक मानण्यात आले. त्यानंतर आलेल्यांसाठी नोंदणीची तरतूद झाली. परतीची वाट बंद होती, परंतु पुढची वाट कायद्याने मोकळी होती. ‘शरणार्थी’ हा शब्द त्यांपैकी अनेकांना अवमानकारक वाटे. त्याऐवजी ‘पुरुषार्थी’ म्हणवून घेणे ते पसंत करीत. या शब्दनिवडीतच नव्या अस्मितेची दिशा दिसते.

शिक्षणाच्या क्षेत्रात सिंधी समाजाने केलेले कार्य महाविद्यालयीन अध्यापकांना अपरिचित नाही. कराचीच्या डी. जे. सिंध महाविद्यालयातून आलेल्या प्राध्यापकांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये मुंबईत जय हिंद महाविद्यालय सुरू झाले. हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्डाने १९४९ मध्ये वांद्रे येथे नॅशनल महाविद्यालय आणि १९५४ मध्ये चर्चगेट येथे किशिनचंद चेलाराम महाविद्यालय स्थापन केले. सिंधमधील हैदराबादचे नाव या संस्थेने मुंबईत जपले. पण तिच्या महाविद्यालयांची दारे सर्व समाजांना खुली होती. पोलिश शाळेने मुलांना मायदेशासाठी राखून ठेवले, तर सिंधी शिक्षणसंस्थांनी नव्या देशात पाय रोवण्याचे साधन दिले.

या यशाची किंमत भाषेने मोजली. सिंधी माध्यमाच्या शाळा निघाल्या. परंतु अरबी वळणाची लिपी ठेवावी की देवनागरी स्वीकारावी, या वादात समाजाची शक्ती विभागली गेली. १९६७ मध्ये एकविसाव्या घटनादुरुस्तीने सिंधीचा आठव्या अनुसूचीत समावेश झाला. मात्र व्यवसाय व नोकरी यांच्या दृष्टीने पालकांचा कल इंग्रजी, हिंदी वा मराठी माध्यमाकडे वळला आणि सिंधी माध्यमाची पटसंख्या घटत गेली. घरात सिंधी बोलणाऱ्या पण ती वाचू-लिहू न शकणाऱ्या पिढ्या वाढल्या. पोलिशांनी भाषा राखली व भूमी गमावली; सिंधींना भूमी मिळाली, पण भाषा हातची निसटू लागली.

स्मरण आणि विस्मरण :

वळिवड्याच्या पोलिश इतिहासाचे स्मरण सार्वजनिक झाले आहे. कोल्हापुरातील महावीर उद्यानात स्मारकस्तंभ आहे. शहरातील ख्रिस्ती दफनभूमीत पोलिश निर्वासितांच्या कबरी आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये पोलंडचे शासकीय शिष्टमंडळ व छावणीतील काही माजी रहिवासी कोल्हापुरास आले होते. वॉर्सा येथेही वळिवडे-कोल्हापूर छावणीचे स्मारक असून ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे आदरांजली वाहिली. त्याच दौऱ्यात जामसाहेबांच्या नावे युवक आदानप्रदान कार्यक्रम जाहीर झाला.

त्याच बराकींत राहिलेल्या सिंधी कुटुंबांचे मात्र असे स्मरण दिसत नाही. गांधीनगरचा उल्लेख होतो तो बाजारपेठ म्हणून. जे निघून गेले त्यांची स्मारके झाली. जे राहिले ते नित्य व्यवहाराचा भाग झाले आणि त्यांचे निर्वासितपण विस्मृतीत गेले. एका अर्थी हे पुनर्वसनाचे यश मानता येईल. परंतु ज्या समाजाला आपल्या शेजाऱ्याच्या विस्थापनाची कहाणी ठाऊक नाही, तो नव्याने येणाऱ्या आश्रयार्थींकडे केवळ संशयाने पाहण्याची शक्यता वाढते. या विस्मरणाचा विचार शिक्षणक्षेत्राने करावयास हवा.

लोकशिक्षणाची दिशा :

वरील विवेचनाच्या आधारे लोकशिक्षणाच्या तीन अंगांचा विचार करता येईल. पहिले अंग संकल्पनांच्या स्पष्टतेचे आहे. पोटापाण्यासाठी स्वेच्छेने जाणारा स्थलांतरित, धरणामुळे वा दंगलीमुळे देशातच उठविला गेलेला विस्थापित, छळाच्या साधार भीतीने देश सोडणारा निर्वासित आणि असे संरक्षण मागणारा पण अद्याप निर्णयाची वाट पाहणारा आश्रयार्थी, यांत भेद आहे. दैनंदिन बोलण्यात हे शब्द सरमिसळ होतात व त्यातून गैरसमज पसरतात.

दुसरे अंग कायद्याचे आहे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील अनुच्छेद १४ आश्रय मागण्याचा हक्क सांगतो. भारताने मात्र १९५१ चा निर्वासितविषयक करार व १९६७ चा पूरक करार स्वीकारलेला नाही आणि देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र सर्वसमावेशक कायदा नाही. परकीयांविषयीचा १९४६ चा कायदा रद्द होऊन त्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली. परंतु संविधानाचा अनुच्छेद २१ केवळ नागरिकांपुरता मर्यादित नाही. अरुणाचल प्रदेशातील चकमांच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, प्रत्येक व्यक्तीच्या जीविताचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य असल्याचे स्पष्ट केले. पोलिश पाहुणे, सिंधी नागरिक आणि पुढे गोंदिया जिल्ह्यात नॉर्ग्येलिंग येथे वसलेले तिबेटी या तिघांची कायदेशीर स्थिती शेजारी शेजारी ठेवून शिकविल्यास हा विषय विद्यार्थ्यांना सहज आकळेल.

तिसरे अंग मौखिक इतिहासाचे आहे. फाळणी अनुभवलेली पिढी आता फार थोडी उरली आहे. गांधीनगर, पिंपरी व उल्हासनगर परिसरातील महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजना व इतिहास विभाग यांच्या सहकार्याने वृद्धांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करणे, जुनी शालेय पुस्तके, शिधापत्रिका व छायाचित्रे यांच्या नोंदी ठेवणे निकडीचे आहे. असे करताना सांगणाऱ्याची संमती, त्याने न सांगितलेल्या गोष्टींचा आदर आणि संकलित सामग्री त्याच समाजाला परत उपलब्ध करून देणे, हे नियम पाळावे लागतील. निर्वासिताकडे केवळ दयेचा विषय म्हणून पाहिल्यास त्याच्या आठवणी हे ज्ञान ठरत नाही. तो या प्रक्रियेत शिक्षकाच्या जागी असतो.

निष्कर्ष :

१. वळिवडे येथील पोलिश आश्रय हा स्थानिक आपुलकी, पोलिश सरकारचे प्रयत्न व ब्रिटिश युद्धनीती यांच्या संयोगातून घडला.
२. पोलिश छावणीतील शिक्षण परतीच्या गृहीतकावर उभे होते. ते गृहीतक कोसळले, तरी त्या शिक्षणाने विखुरलेल्या समाजाला स्मृतीचे सूत्र दिले.
३. सिंधी निर्वासितांना नागरिकत्व मिळाल्याने त्यांचे शिक्षण स्थिरावण्याच्या दिशेने गेले. त्यात भाषेचा ऱ्हास झाला.
४. एकाच स्थळाच्या दोन इतिहासांपैकी एकाचे स्मरण व दुसऱ्याचे विस्मरण झाले आहे. ही उणीव भरून काढण्याचे कार्य स्थानिक महाविद्यालये करू शकतात.

समारोप :

आश्रय देणे ही छपराची व अन्नाची व्यवस्था करण्यापुरती बाब नाही. आलेल्या मुलाला कोणत्या भाषेत व कोणत्या भविष्यासाठी शिकवावयाचे, हा प्रश्न प्रत्येक छावणीत उभा राहतो आणि त्याचे उत्तर पुढील पिढ्यांना भोगावे लागते. वळिवड्यात या प्रश्नाची दोन उत्तरे दिली गेली. दोन्हींत काही मिळाले आणि काही गमावले. भाषा टिकवूनही भूमीत रुजता येईल, असे तिसरे उत्तर शोधणे हे निर्वासितांच्या शिक्षणापुढील खरे आव्हान आहे, आणि त्याची सुरुवात शेजारच्या गावाचा इतिहास नीट वाचण्यापासून होऊ शकते.